पुण्याच्या पोटातून वाट

मुलांनो, विहीर खणताना तुम्ही कधी पाहिली आहे का? तुम्ही मालेगावचे असा, भिवंडीचे असा, सोलापूरचे असा की पुण्याचे. गावाकडे कोणाच्या तरी शेतात हे काम तुमच्या नजरेस पडलेच असेल. सुरुवातीला काम सोपे वाटते. माती भुसभुशीत असते. कुदळ मारावी आणि घमेले भरावे. पण पुरुषभर खोल गेले की अडचणी सुरू होतात. कडेची माती ढासळू लागते. तिच्याखाली मुरूम लागतो. मुरुमाखाली काळा कातळ लागतो आणि कुदळीतून नुसत्या ठिणग्या उडतात. आणखी खाली गेले की चहूकडून पाणी झिरपू लागते. विहिरीचा मालक पाणी पाहून खूश होतो, पण खणणाऱ्याचे पाय मात्र चिखलात रुततात. आणि वर काढलेल्या मातीचा डोंगर कोठे टाकायचा, हा प्रश्न राहतोच.

आता अशी कल्पना करा, की ही विहीर शेतात नाही. ती शहराच्या अगदी मध्यभागी आहे. ती दहा मजली इमारतीच्या उंचीइतकी खोल आहे. तिच्या तळापासून एक बोगदा निघतो आणि तो नदीच्या खालून, बाजाराच्या खालून, दोनशे वर्षांच्या जुन्या घरांच्या खालून पुढे जातो. वर त्या घरांत माणसे राहत आहेत. कोणी चहा करत आहे, कोणी मुलाला झोपवत आहे. त्यांच्या भिंतीला तडा जाता कामा नये. हे कसे साधायचे?

हे काम पुणे शहरात झाले आहे. पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला जाणारी मेट्रो सुरुवातीला उंच खांबांवरून धावते. मग शिवाजीनगरच्या अलीकडे ती जमिनीच्या पोटात शिरते. शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही तिची पाच स्थानके जमिनीखाली आहेत. हा भुयारी भाग सुमारे सहा किलोमीटरांचा आहे. मेट्रोच्या कामाची पायाभरणी २४ डिसेंबर २०१६ रोजी झाली. १ ऑगस्ट २०२३ रोजी गाडी जिल्हा न्यायालयापर्यंत आली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंतचा मार्ग खुला झाला.

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा घोटाळा दूर करू. उर्दूत आपण 'सुरंग' म्हणतो, त्याला मराठीत 'बोगदा' किंवा 'भुयार' म्हणतात. मराठीत 'सुरुंग' हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. खडकाला भोक पाडून त्यात दारू ठासतात आणि तिचा स्फोट करून खडक फोडतात, त्याला सुरुंग लावणे म्हणतात. माझ्या वर्गातील एका मुलाने एकदा लिहिले होते, "आम्ही सुरुंगातून प्रवास केला." ते वाचून मी आधी दचकलो आणि मग हसलो. बाकी जमीन, इमारत, मजूर, नकाशा, दरवाजा, हौद हे शब्द तर तुमचेच आहेत. या पाठात ते पुन्हा पुन्हा भेटतील.

जमिनीखालून वाट काढणे आपल्या मुलखाला नवीन नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकी येथे, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून पाणी आणले. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. पुण्यात अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधले आणि तेथून दगड-चुन्याच्या भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणले. नळ म्हणजे आजच्यासारखा लोखंडी पाइप नव्हे. कित्येक ठिकाणी माणूस आत उभा राहू शकेल एवढी त्याची उंची आहे. ना पंप होता, ना वीज होती. जमिनीला जो उतार आहे, त्या उताराने पाणी आपोआप शहरात येत असे. वाटेत ठिकठिकाणी हवा बाहेर पडण्यासाठी उंच बांधकामे होती, त्यांना उच्छ्वास म्हणतात. शहरात पाणी हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद ही नावे जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत.

पण हे नळ फार खोल नव्हते. बहुतेक ठिकाणी चर खणायचा, आत बांधकाम करायचे आणि वरून माती लोटायची, अशी त्यांची रीत होती. खरा कातळ फोडून बोगदे काढण्याचे मोठे काम आपल्याकडे रेल्वेने केले. मुंबईहून पुण्याला येताना बोरघाटात गाडी एकामागून एक बोगद्यांत शिरते, ते तुम्ही पाहिले असेल. १८६३ साली ही घाटाची लोहमार्गवाट सुरू झाली तेव्हा तिच्यावर पंचवीस बोगदे होते. हातातील पहार, हातोडा आणि सुरुंगाची दारू एवढ्या साधनांवर मजुरांनी ते काढले. अपघातांनी आणि पटकीसारख्या रोगांनी हजारो मजूर तेथे मरण पावले. या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका सोडला नाही. तिने इंजिनियर नेमून काम पुढे चालवले. तिचे नाव इतिहासात राहिले. मजुरांपैकी कोणाचे राहिले नाही.

आता पुण्याच्या जमिनीकडे वळू. खोदण्याआधी इंजिनियर जमिनीला भोके पाडून तिच्यातील दगडाच्या लांब कांड्या बाहेर काढतात. वैद्य नाडी पाहतो तसेच हे आहे. या कांड्यांवरून कोणत्या खोलीवर काय आहे ते कळते. पुण्यात वर थोडी माती, नदीजवळ थोडा गाळ, मग मुरूम आणि त्याखाली काळा कातळ असतो. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर आलेला आणि थंड झालेला लाव्हारस. तो एकदम आला नाही, थरावर थर साचत गेला. म्हणून कातळातही कोठे पोकळ भेगा असतात, कोठे दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. कठीण दगडाची इंजिनियरला फार भीती नसते. कठीण दगड फोडायला वेळ लागतो, पण तो आपल्या जागी उभा राहतो. भीती असते ती अशा पट्ट्याची आणि भेगेची, कारण तेथून पाणी येते आणि दगड निसटतो.

भुयारी मेट्रोत दोन वेगवेगळी कामे असतात. एक स्थानकाचे, दुसरे बोगद्याचे. स्थानक म्हणजे एक प्रचंड खड्डा. शे-दीडशे मीटर लांब, आणि खोली विचाराल तर जिल्हा न्यायालय स्थानक सुमारे ३३ मीटर, म्हणजे १०८ फूट खोल आहे. देशातील सर्वांत खोल मेट्रो स्थानकांत त्याची गणना होते. एवढे खोल का? कारण तेथून पुढे बोगद्याला मुठा नदीच्या पात्राखालून जायचे असते. नदीच्या तळाखाली पुरेसा जाड कातळ छप्पर म्हणून राहिला पाहिजे.

असा खड्डा सरळ खणत गेलो तर वरची माती कोसळेल. म्हणून आधी खड्ड्याच्या कडेने जमिनीत भिंत घालतात आणि मग खड्डा खणतात. ऐकायला उलटे वाटते ना? यंत्राने कडेकडेने खोल भोके पाडतात, त्यांत लोखंडी सळ्यांचे पिंजरे सोडतात आणि काँक्रीट ओततात. असे खांब ओळीने उभे केले की मातीला अडवणारी रांग तयार होते. जेथे माती फार सैल आणि पाणी फार असते, तेथे हे खांब एकमेकांत थोडे घुसवून अखंड भिंत करतात, म्हणजे फटीतून पाणी येत नाही. कातळ लागला की असे खांब लागत नाहीत. तेथे कातळाच्या भिंतीत तिरपी भोके पाडून लांब लोखंडी दांडे बसवतात आणि ते सिमेंटने पक्के करतात. सुतार जसा दोन फळ्या खिळ्याने जोडतो, तसे हे दांडे पुढचा सैल दगड मागच्या घट्ट दगडाला जोडून ठेवतात. त्यावर लोखंडी जाळी लावून नळीतून काँक्रीटचा फवारा मारतात. तो भिंतीला चिकटून बसतो.

खड्डा जसजसा खोल जातो तसतशी एका बाजूची भिंत दुसऱ्या बाजूकडे झुकू पाहते. तिला अडवायला मध्ये आडव्या पोलादी तुळया लावतात. तुमच्या दोन्ही हातांनी दाराच्या दोन चौकटी बाहेर ढकला, म्हणजे तुळई काय करते ते समजेल. तळापर्यंत पोचल्यावर खालून वर बांधकाम करत येतात. कधी कधी याच्या उलटही करतात. वाहता रस्ता फार दिवस बंद ठेवता येत नसेल, तर आधी जमिनीच्या पातळीला छत घालतात, त्यावरून गाड्या सोडतात आणि मग त्या छताखाली खणत जातात. घराचे छप्पर आधी आणि पाया शेवटी! आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीला हे सांगितले तर तो तुम्हांला वेड्यात काढेल. पण छताचे वजन आधीच उभ्या केलेल्या खांबांवर असते, म्हणून ते उभे राहते.

कातळ फोडायला सुरुंग लागतो. पण शहरातील सुरुंग डोंगरातल्यासारखा नसतो. एकदम मोठा बार उडवला तर धक्का लांबवर जातो. म्हणून पुष्कळ लहान लहान भोके पाडतात, प्रत्येकात थोडीशी दारू भरतात आणि सगळे बार एकाच क्षणी न उडवता सेकंदाच्या अगदी लहान भागाच्या अंतराने उडवतात. कानाला एकच आवाज येतो, पण जमिनीला बसणारा धक्का तुकड्यातुकड्यांत वाटला जातो. दगड उडू नयेत म्हणून वर जाड जाळ्या आणि रबराच्या चटया अंथरतात. जेथे घरे अगदी चिकटून आहेत तेथे तेही नको. मग यंत्राच्या हातोड्याने किंवा इतर उपायांनी हळूहळू दगड फोडावा लागतो.

दाट वस्तीत कधी कधी खड्ड्यालाही पुरेशी जागा नसते. मुंबईत काळबादेवी आणि गिरगाव येथील स्थानके अशीच अडचणीची होती. तेथे लहानसा खड्डा खणून खाली जातात आणि मग आडवे, थोडे थोडे पोखरत बोगदा मोठा करतात. पोखरलेला भाग लगेच दांडे आणि फवाऱ्याच्या काँक्रीटने सावरतात. दगड किती हलला ते मोजतात आणि त्यावरून पुढचा आधार किती द्यायचा ते ठरवतात. ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रियातील इंजिनियरांनी मांडली. तिच्यात एक शहाणपण आहे. डोंगराचे सगळे ओझे काँक्रीटने उचलायचे नाही, तर भोवतालच्या दगडालाच थोडे हलू द्यायचे आणि मग त्यालाच कमानीसारखे ओझे उचलायला लावायचे.

आता दुसरे काम, बोगद्याचे. पेठांच्या खालून बोगदा काढताना सुरुंगाचा विचारही करता येत नव्हता. तेथे बोगदा खोदणारी यंत्रे आणली. या यंत्रांना मुठा, मुळा, पवना अशी आपल्या नद्यांची नावे दिली होती. शिवाजीनगरजवळ कृषी महाविद्यालयाच्या आवारातून आणि दुसऱ्या बाजूला स्वारगेटहून त्यांना जमिनीत उतरवले. जून २०२२ मध्ये बुधवार पेठेत शेवटचा बोगदा आरपार झाला.

हे यंत्र कसे चालते ते समजून घेण्याआधी एका किड्याची गोष्ट ऐका. समुद्रात लाकूड पोखरणारा एक किडा असतो. तो जहाजाच्या फळीत शिरतो, लाकूड कुरतडतो आणि मागे आपल्या भोकाला आतून चुन्यासारखा कठीण लेप देत जातो. त्यामुळे ओले लाकूड फुगले तरी तो चिरडला जात नाही. मार्क ब्रुनेल नावाच्या इंजिनियरला या किड्यावरून युक्ती सुचली असे सांगतात. लंडनमध्ये टेम्स नदीच्या खालून बोगदा काढताना त्याने लोखंडाची एक मोठी चौकट केली. तिच्यात छत्तीस कप्पे होते. प्रत्येक कप्प्यात एक मजूर उभा राहून समोरची माती थोडी थोडी खणे. मग चौकट पुढे ढकलत आणि मागे विटांचे बांधकाम करत. १८२५ साली सुरू झालेले हे काम १८४३ साली संपले. मध्ये नदीचे पाणी अनेकदा आत घुसले. १८२८ च्या एका पुरात सहा माणसे बुडाली.

आजचे यंत्र त्याच किड्याचे पोलादी रूप आहे. त्याच्या तोंडाशी सहा मीटरांहून अधिक व्यासाचे गोल चक्र असते. चक्रावर कठीण पोलादाच्या तबकड्या बसवलेल्या असतात. चक्र सावकाश फिरते आणि तबकड्या कातळावर प्रचंड दाबाने फिरतात. त्या दगड कापत नाहीत, चिरडतात. दोन तबकड्यांच्या रेघांमधला दगड टवके होऊन उडतो. हे टवके मागे पट्ट्यावरून किंवा लहान गाड्यांतून बाहेर जातात.

यंत्र पुढे जाते कशाच्या जोरावर? त्याच्या मागे बोगद्याला काँक्रीटची कडी बसवलेली असते. ही कडी पाच-सहा वाकड्या तुकड्यांची असते. तुकडे आधीच कारखान्यात ओतून आणतात. यंत्राच्या आत एक हात असतो, तो तुकडे उचलून गोल जोडतो. शेवटचा तुकडा पाचरीसारखा असतो, तो बसला की कडी घट्ट होते. मग यंत्राचे जॅक या कडीवर पाय रोवतात आणि यंत्राला पुढे ढकलतात. सुमारे दीड मीटर पुढे गेले की थांबायचे, नवी कडी बसवायची आणि तिच्यावर पाय रोवायचे. कडी आणि कातळ यांच्यामध्ये जी बोटभर-वीतभर फट राहते, तिच्यात सिमेंटचे पातळ मिश्रण दाबून भरतात. ही फट बारीकशी दिसते, पण ती मोकळी राहिली तर वरची जमीन तेवढी खाली बसते. दिवसाला साधारण पाच-दहा मीटर काम झाले तर बरे चालले असे म्हणतात.

जेथे कातळाऐवजी माती आणि पाणी लागते, तेथे यंत्राच्या तोंडाशी एक बंद कप्पा असतो. खणलेली माती त्यात मुद्दाम दाबून भरलेली ठेवतात. समोरची जमीन जेवढ्या जोराने आत येऊ पाहते, तेवढ्याच जोराने कप्प्यातील माती तिला अडवते. दाब कमी पडला तर वरची जमीन खचते. दाब जास्त झाला तर रस्ता फुगतो. चालकाचा डोळा सतत त्या काट्यावर असतो.

त्या अंधारात वाट कशी सापडते, असे तुम्ही विचाराल. मागे बोगद्यात पक्क्या जागी एक उपकरण बसवतात. त्यातून लेसर किरण निघतो आणि यंत्रावरच्या खुणेवर पडतो. यंत्र ठरलेल्या वाटेपासून किती मिलिमीटर सरकले, ते चालकाला पडद्यावर लगेच दिसते.

माझ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "सर, काम झाल्यावर ते यंत्र मागे कसे येते?" प्रश्न फार चांगला होता. ते मागे येऊ शकत नाही! कारण मागच्या काँक्रीटच्या कड्या यंत्रापेक्षा लहान मापाच्या असतात. म्हणून ते पुढेच जाते, दुसऱ्या स्थानकाच्या खड्ड्यात बाहेर पडते आणि तेथे त्याचे सुटे भाग करून वर उचलतात. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्राखालून जो बोगदा काढला, त्यात इंग्लंडकडून आलेल्या काही यंत्रांना बाहेर काढण्याऐवजी तेथेच बाजूला वळवून पुरून टाकले.

यंत्र कसे चालते ते कळले. पण खरी कसोटी वर होती. कसबा पेठ हा पुण्याचा सर्वांत जुना भाग. लाल महाल, शनिवारवाडा जवळच. तांबट आळीत अजून तांब्याच्या भांड्यांवर हातोड्या पडतात. पेठांतील कित्येक वाडे माती, वीट आणि सागवानी लाकडाचे आहेत. सिमेंटचे घर हादरले तर एक वेळ सावरते, पण जुन्या मातीच्या भिंतीला थोडासाही हिसका पुरतो. म्हणून यंत्र येण्याच्या आधी माणसे घरोघर जातात. प्रत्येक भिंतीचे फोटो काढतात. आधीपासून असलेल्या भेगा लिहून ठेवतात. भेगेवर मोजपट्टी चिकटवतात, म्हणजे ती केसभर वाढली तरी कळते. भिंतीवर लहान आरसे लावतात आणि दूर ठेवलेली दुर्बीण त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा पाहून भिंत हलली का ते मोजते. जमिनीत नळ्या सोडून पाण्याची पातळी पाहतात. किती हालचाल झाली की सावध व्हायचे आणि किती झाली की काम थांबवायचे, हे आधी ठरलेले असते. ज्यांची घरे स्थानकाच्याच जागेवर होती, त्यांना मात्र ती सोडून जावे लागले. त्यांना दुसरी जागा मिळाली, पण पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार बरोबर नेता येत नाही. गाडीतून दहा मिनिटांत पेठा ओलांडताना हेही आपल्याला माहीत असावे, असे मला वाटते.

जुन्या शहराची आणखी एक खोड आहे. खाली काय दडले आहे ते ते सांगत नाही. मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोसाठी खणताना पाणी नेण्याचा एक जुना बोगदाच सापडला. लोक पाहायला धावले. पूर्वी प्रत्येक मोठ्या वाड्यात आड किंवा विहीर असे. नळाचे पाणी आले आणि कित्येक विहिरी नुसत्या झाकून टाकल्या गेल्या. कोठे वर फरशी बसली, कोठे घर उभे राहिले. २० सप्टेंबर २०२४ रोजी बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा एक ट्रक उभ्या उभ्या जमिनीत गेला! चालकाने उडी मारली म्हणून तो वाचला. तेथे खाली जुनी विहीर होती, असे नंतर सांगण्यात आले. मेट्रोचा मार्ग तेथून जवळ असल्याने लोकांना काळजी वाटणे साहजिक होते. म्हणून तुमच्या आजोबांना किंवा नानींना एखाद्या बंद विहिरीची जागा ठाऊक असेल, तर ती माहिती क्षुल्लक समजू नका. इंजिनियर अशाच माणसांना शोधत असतो.

कितीही मोठे यंत्र आणले तरी जमीन कधी कधी त्याला हरवते. उत्तराखंडात सिलक्यारा येथे १२ नोव्हेंबर २०२३ रोजी रस्त्याचा बोगदा ढासळला आणि आत ४१ मजूर अडकले. एका नळीतून त्यांना हवा आणि अन्न पोचवले जात होते. बाहेरून त्यांच्यापर्यंत मोठा पाइप घालण्यासाठी परदेशी बनावटीचे यंत्र लावले. पण शेवटचे दहा-बारा मीटर उरले असताना त्याचे पाते ढिगाऱ्यातील लोखंडात अडकून मोडले. तेव्हा हाताने खणणारे बारा कामगार बोलावले. एरवी अरुंद नळ्यांत शिरून गटारांची आणि पाइपांची कामे करणारी ही माणसे होती. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. पाइपात पालथे पडून, आळीपाळीने, लहान फावड्यांनी आणि हाताने त्यांनी ढिगारा उपसला. सतराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, सगळे ४१ मजूर जिवंत बाहेर आले. टीव्हीसमोर बसलेल्या माझ्या आईने तेव्हा दुपट्ट्याने डोळे पुसलेले मला आठवतात.

पुण्यात तुम्ही कधी आलात, तर जिल्हा न्यायालय स्थानकावर थोडे थांबा. वर उंचावर वनाजहून रामवाडीला जाणारी गाडी धावते आणि खोल तळाशी स्वारगेटची गाडी धावते. सरकत्या जिन्यांनी उतरत राहावे लागते. पण एवढ्या खोलवरही दिवसाचा उजेड पोचतो, कारण छतातून सूर्यप्रकाश आत येईल अशी रचना केली आहे. भिंतीमागे कातळ आहे, त्याला धरून बसलेले लोखंडी दांडे आहेत. ते तुम्हांला दिसणार नाहीत. मग स्वारगेटकडे निघालात की पुढच्या मिनिटा-दोन मिनिटांत तुमच्या डोक्यावरून मुठा नदी वाहत असेल.

स्वारगेटच्या पुढे कात्रजपर्यंत सुमारे साडेपाच किलोमीटरांचा भुयारी मार्ग मंजूर झाला आहे. त्याचीही पायाभरणी २९ सप्टेंबर २०२४ रोजीच झाली. पेशव्यांच्या काळी कात्रजहून जमिनीखालून पाणी शहरात येत होते. आता शहरातून जमिनीखालून माणसे कात्रजला जातील.